वृषणकोशातील फुगलेल्या नीला आणि पुरुषाचे वंध्यत्व

विवाहानंतर काही वर्षे लोटूनही घरात पाळणा हलला नाही, तर दोष बहुधा स्त्रीच्या माथी मारला जातो. व्रते, नवस आणि औषधे यांचा भार तिच्यावरच पडतो. पतीची तपासणी करावी, हे पुष्कळदा कोणास सुचतही नाही. वस्तुतः अपत्यहीन दांपत्यांपैकी सुमारे निम्म्या दांपत्यांत पुरुषाकडील दोष, एकटा किंवा स्त्रीकडील दोषाच्या जोडीने, कारणीभूत असतो. अशा दोषांपैकी वारंवार आढळणारा आणि उपचाराने सुधारू शकणारा एक दोष म्हणजे वृषणकोशातील नीलांचा विस्तार होय. वैद्यकात यास ‘व्हॅरिकोसील’ म्हणतात.

शरीराच्या निरनिराळ्या भागांतून हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या वाहिन्यांस नीला हे नाव आहे. वृषणातून निघणाऱ्या नीला वेलीच्या तणाव्यांप्रमाणे एकमेकींत गुंतून प्रथम एक जाळे तयार करतात व पुढे त्यांची एकच नीला होऊन ती उदरात चढते. माणूस उभा असताना हे रक्त गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर जावयाचे असते. ते मागे उतरू नये म्हणून नीलांत झडपा असतात. या झडपा दुर्बळ असल्या किंवा नसल्याच, तर रक्त खाली उतरून तुंबते आणि नीला फुगून वेड्यावाकड्या होतात. पोटऱ्यांवर उठणाऱ्या फुगीर नीलांशी या विकाराचे जवळचे साम्य आहे.

हा विकार बहुतेक वेळा डाव्या बाजूस आढळतो, याचे कारण शरीररचनेत आहे. उजव्या वृषणाची नीला उदरातील मोठ्या महानीलेस तिरकी जाऊन मिळते. डावी मात्र अधिक लांब असून ती डाव्या मूत्रपिंडाच्या नीलेस काटकोनात मिळते. त्यामुळे तिच्यातील रक्तस्तंभाचा दाब अधिक असतो. सुमारे शंभरांपैकी पंधरा पुरुषांत हा विकार असतो व तो बहुधा पौगंडावस्थेत प्रथम दिसू लागतो.

फुगलेल्या नीलांचा शुक्रजंतूंशी संबंध काय, हे समजण्यासाठी उष्णतेचा विचार करावा लागतो. शुक्रजंतूंच्या उत्पत्तीस शरीराच्या तपमानाहून दोन ते चार अंश सेल्सिअस कमी तपमान लागते. म्हणूनच निसर्गाने वृषणांस उदराबाहेर स्थान दिले आहे. वृषणाकडे ऊन रक्त आणणाऱ्या रोहिणीभोवती नीलांचे जाळे असते. त्यातील थंड रक्त वर जाता जाता रोहिणीतील उष्णता शोषून घेते. नीलांत रक्त तुंबले व उदरातील ऊन रक्त खाली उतरू लागले, म्हणजे ही व्यवस्था बिघडते. एका बाजूच्या विकारानेही दोन्ही वृषणांचे तपमान वाढू शकते. शुक्रजंतूंची संख्या व गती घटण्याचे आणि त्यांच्या आकारात दोष उत्पन्न होण्याचे हे प्रमुख कारण मानले जाते. त्याखेरीज प्राणवायूच्या विनियोगातून निर्माण होणारी हानिकारक द्रव्येही शुक्रजंतूंस अपाय करतात.

फुगलेल्या नीला व लहान झालेले वृषण यांचा उल्लेख रोमन ग्रंथकार सेल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकातच केला होता. तथापि या विकाराच्या शस्त्रक्रियेकडे वंध्यत्वावरील उपाय म्हणून वैद्यांचे लक्ष वेधले ते विसाव्या शतकाच्या मध्यास. एडिंबरो येथील शल्यविशारद टलॉक यांनी 1952 मध्ये एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याच्या वीर्यात शुक्रजंतू मुळीच नव्हते. शस्त्रक्रियेनंतर ते दिसू लागले व त्याची पत्नी गर्भवती झाली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने नऊ हजारांहून अधिक पुरुषांची पाहणी करून 1992 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. वीर्य सदोष असलेल्या पुरुषांपैकी 25.4 टक्क्यांत, तर वीर्य निर्दोष असलेल्यांपैकी 11.7 टक्क्यांत हा विकार आढळला. याच आकड्यांवरून दुसरीही गोष्ट स्पष्ट होते: विकार आहे म्हणजे वंध्यत्व आहेच, असे नव्हे. असे कित्येक पुरुष सुखाने पिते होतात.

तपासणी सोपी आहे. रुग्णास उभे करून श्वास रोखून जोर करावयास सांगितले असता फुगलेल्या नीला वैद्याच्या हातास गांडुळांच्या पुंजक्यासारख्या लागतात. आडवे झाल्यावर त्या बहुधा ओसरतात. तशा त्या ओसरल्या नाहीत, अकस्मात उद्भवल्या किंवा केवळ उजव्या बाजूसच दिसल्या, तर मूत्रपिंडाची व उदराची तपासणी करणे अवश्य असते. कारण क्वचित तेथील गाठीमुळेही रक्ताचा मार्ग अडतो.

हातास जाणवणारा विकार, सदोष वीर्य आणि अपत्याची इच्छा या तिन्ही गोष्टी एकत्र असतील, तरच वंध्यत्वासाठी शस्त्रक्रियेचा विचार केला जातो. तीत सदोष नीला बांधून टाकतात व रक्त इतर निरोगी नीलांवाटे परत जाते. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागत असल्यामुळे तीन ते सहा महिन्यांनंतरच परिणाम कळतो. पुष्कळांच्या वीर्यात सुधारणा होते. गर्भधारणेची निश्चिती मात्र कोणीच देऊ शकत नाही.

वंध्यत्व हा शाप नव्हे व त्यात लज्जास्पद असेही काही नाही. पतीपत्नींची तपासणी एकाच वेळी व्हावी, हाच या विवेचनाचा मथितार्थ होय. पुरुषाची तपासणी अल्प वेळात व अल्प खर्चात होते. ती टाळल्यामुळे एखाद्या निर्दोष स्त्रीस वर्षानुवर्षे बोल सोसावे लागतात.