वरच्या लीगमध्ये टिकायचं कसं? डेंपोचा उतार आणि चढ

गोव्याच्या डेंपो स्पोर्ट्स क्लबने 2004-05 ते 2011-12 या आठ मोसमांत पाच वेळा देशाचं फुटबॉल विजेतेपद जिंकलं. दोनदा नॅशनल फुटबॉल लीग आणि तीनदा आय-लीग. 2008 मध्ये हाच संघ एएफसी कपच्या उपांत्य फेरीत गेला. प्रशिक्षक आर्मांडो कोलासो यांच्या त्या संघात महेश गवळी, क्लिफर्ड मिरांडा, समीर नाईक अशी गोव्याची मुलं होती. एवढ्या मोठ्या नावाचा क्लब 2014-15 मध्ये खालच्या लीगमध्ये गेला आणि पुन्हा आय-लीगच्या मैदानावर उतरायला त्याला 2024 उजाडावं लागलं. क्लब घसरतो कसा, चढतो कसा आणि चढल्यावर टिकतो कसा, हे समजून घ्यायला डेंपोइतकं चांगलं उदाहरण आपल्याकडे दुसरं नाही.

आधी नियम पाहू. लीगमध्ये प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशी सहसा दोनदा खेळतो, एकदा घरच्या मैदानावर आणि एकदा बाहेर. विजयाला 3 गुण, बरोबरीला 1, पराभवाला शून्य. बारा संघ असले तर प्रत्येकाच्या वाट्याला 22 सामने येतात. शेवटी गुणतक्त्यात तळाला राहिलेले संघ खालच्या लीगमध्ये जातात आणि खालचे अव्वल संघ वर येतात. किती संघ जाणार, हे मोसम सुरू होण्याआधीच ठरलेलं असतं.

तळाशी असलेल्या संघाचं गणित विजेतेपदाच्या गणितापेक्षा वेगळं चालतं. दोन सामने बरोबरीत सुटले तर हाती 2 गुण येतात. एक जिंकला आणि एक हरला तर 3. म्हणून शेवटच्या टप्प्यात सावध संघही धोका पत्करून पुढे सरसावतो. पण दोन संघांचे गुण समान झाले, तर आय-लीगमध्ये आधी त्यांचे आपसातले निकाल पाहत, एकूण गोलफरक त्यानंतर. त्यामुळे शेजारच्या क्रमांकावरच्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध हरता हरता मिळवलेली बरोबरी दुहेरी कामाची ठरते. स्वतःला एक गुण मिळतो आणि समोरच्याचे दोन जातात.

2014-15 मध्ये अकरा संघ होते. पुण्याचा भारत एफसी सर्वांत तळाला राहिला, पण थेट प्रवेश मिळालेल्या नव्या संघांना घसरणीतून सूट होती. त्यामुळे त्याच्या वर, दहाव्या क्रमांकावर असलेल्या डेंपोला खाली जावं लागलं. पुढच्याच मोसमात दुसऱ्या श्रेणीची लीग जिंकून डेंपोने वरचं स्थान मैदानावर परत मिळवलं.

आणि तेव्हाच 2016 मध्ये डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिघांनी आय-लीग सोडली. इंडियन सुपर लीग देशातली सर्वोच्च लीग होणार आणि तिचं दार खालच्या क्लबांना बंद राहणार, असा आराखडा अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने मांडला होता. जिंकूनही वर जाता येणार नसेल तर खर्च करायचा कशासाठी, हा त्यांचा सवाल रास्त होता.

या माघारीने दुसऱ्याच एका क्लबचं नशीब उघडलं. 2015-16 मध्ये घसरलेला मिझोरमचा ऐझॉल एफसी रिकाम्या जागेवर परत आला. त्याने प्रशिक्षक म्हणून आणले खालिद जमील, ज्यांनी तोवर अनेक मोसम मुंबई एफसीला आय-लीगमध्ये तगवून धरलं होतं. 2016-17 मध्ये ऐझॉल चक्क विजेता ठरला. त्याच मोसमात मुंबई एफसी घसरला आणि नंतर बंदच पडला. घसरलेल्या क्लबमागे मालकाची चिकाटी आणि तरुण खेळाडूंची फळी नसेल तर पुढचं वर्ष दिसतंच असं नाही.

डेंपोकडे ही फळी होती. राष्ट्रीय लीग सुटली तरी क्लबने गाशा गुंडाळला नाही. गोवा प्रोफेशनल लीगमध्ये तो खेळत राहिला, जुन्या गोव्याजवळ एला इथे अकादमी चालवली, वयोगटांचे संघ राखले. 2023-24 मध्ये संधी आली तेव्हा अगदी तळातून, आय-लीग 3 मधून सुरुवात करायची त्याची तयारी होती. तिथून बढती मिळाली. त्याच मोसमात आय-लीग 2 मध्ये दुसरा क्रमांक आला आणि वरच्या दोन संघांत बसल्याने आय-लीगचं दार उघडलं. प्रशिक्षक होते समीर नाईक, जुन्या विजेत्या संघातले बचावपटू.

मैदानावरच्या गुणांखेरीज कागदांचीही परीक्षा असते. क्लब परवान्याचे पाच निकष आहेत: क्रीडाविषयक, पायाभूत सुविधा, मनुष्यबळ व प्रशासन, कायदेशीर आणि आर्थिक. त्यात युवा संघ आहेत का, मैदान कुठलं, प्रशिक्षकाकडे योग्य परवाना आहे का, खेळाडूंचे पगार थकलेत का, हे सगळं तपासलं जातं. पगार वेळेवर देणं हे वरच्या लीगमध्ये राहण्याचं निम्मं काम आहे.

2024-25 च्या आय-लीगमध्ये बारा संघांपैकी दोन खाली जाणार होते. स्पोर्टिंग क्लब बेंगळुरू आणि दिल्ली एफसी गेले. बेंगळुरूचा हा संघ डेंपोबरोबरच वर आला होता, आय-लीग 2 चा विजेता म्हणून. म्हणजे चढून येणं आणि टिकणं ही दोन वेगळी कामं आहेत. डेंपो टिकला.

शिडीची सर्वांत वरची पायरी, म्हणजे सुपर लीग, मात्र तेव्हा अर्धवटच होती. 2022-23 चा आय-लीग विजेता पंजाबचा संघ आणि 2023-24 चा मोहम्मेडन स्पोर्टिंग सुपर लीगमध्ये गेले. पण 2024-25 पर्यंत तिथून एकही क्लब गुणांवर खाली आला नव्हता. वरच्यांना घसरणीची भीती नाही, तोवर खालच्यांच्या घामाला पूर्ण मोल मिळणार नाही.

हा प्रश्न फक्त गोव्याचा किंवा मुंबईचा नाही. बीड जिल्ह्यात, संत नगद नारायणांच्या नारायणगडच्या पंचक्रोशीत उद्या एखाद्या तरुण मंडळाने फुटबॉल संघ काढला, तर त्याचा मार्गही ठरलेला आहे: जिल्हा संघटनेची संलग्नता, राज्य पातळीवरच्या स्पर्धा, मग राष्ट्रीय लीगची सर्वांत खालची श्रेणी आणि तिथून वर. बीडमधल्या मुलाला तो मार्ग खरा वाटायचा असेल, तर प्रत्येक पायरीवर चढण्याची सोय आणि घसरण्याचा नियम, दोन्ही सर्वांना सारखे लागू व्हायला हवेत.