रामफळाचं झाड तोडताय? आधी फळ चाखा



आपल्या बालाघाटात सीताफळ घरोघरी माहीत. त्याच कुळातलं रामफळ मात्र आताच्या लेकरांनी क्वचितच खाल्लेलं असतं. अहमदपूर भागात कुणाच्या बांधावर झाड असेल, तर बांध साफ करताना ते सांभाळा.

चव वेगळीच आहे. सीताफळापेक्षा गोडी सौम्य, बिया कमी, गर लोण्यासारखा. सालीजवळ मात्र रवाळ लागतो. (नाव देशी, पण दोन्ही फळं मूळची अमेरिका खंडातली!) सीताफळ दिवाळीच्या आगेमागे संपतं, रामफळ साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतं. म्हणजे बाजारात सीताफळ नसताना.

हिरवं कच्चं तोडलं तर चव येत नाही. सालीवर पिवळसर-तांबूस झाक आली की देठासकट काढा आणि गवतात अढी घाला. दोन-चार दिवसांत मऊ होतं. झाडावरच पिकू दिलं तर पाखरं आपल्याआधी खातात.

बिया फोडू नका. त्यांची पूड डोळ्यात गेली तर गंभीर इजा होते, लेकरांना बजावून सांगा.

एका झाडाची चार-दोन फळं घेऊन बाजारात कोण जाणार? म्हणून ज्यांच्याकडे झाड आहे त्यांनी फोटो आणि गावाचं नाव याच नंबरवर पाठवा. किती झाडं आहेत ते कळलं, की माल एकत्र करायचं बघू.