बंगला घ्या, पण बांधावर थांबा!

दुर्ग-भिलाईतल्या पद्मनाभपुरात राहणाऱ्या देशपांड्यांच्या आज मनात आलं तर ते बेमेतऱ्याकडे धानाची शेती विकत घेऊ शकतात. न्यू जर्सीला गेलेला त्यांचा मुलगा मात्र नाही. खिशात भारताचाच पासपोर्ट असला तरी नाही! परकीय चलनाच्या फेमा कायद्याखालच्या नियमांनुसार अनिवासी भारतीय आणि ओसीआय कार्डवाले (परदेशी नागरिकत्व असलेले भारतवंशी) फ्लॅट घेऊ शकतात, दुकानाचा गाळा घेऊ शकतात. शेतजमीन, फार्महाऊस आणि चहा-कॉफीचे मळे तेवढे वर्ज्य. मामाने बक्षीसपत्र करून द्यावं, तर तीही वाट बंद.

वारसा मात्र चालतो. वडिलांची दहा एकर अमेरिकेतल्या लेकाच्या नावावर चढते. विकायची झाली की पुन्हा मेख: गिऱ्हाईक भारताचा नागरिक हवा आणि राहणाराही भारतातलाच हवा.

मग जन्माने-वंशाने परदेशी असलेल्यांचं काय? ते इथे राहत नसतील तर शेती सोडा, साधी सदनिकाही नाही. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा, एवढंच. पर्यटक व्हिसावर चार महिने समुद्रकिनारी लोळणं म्हणजे 'निवासी' होणं नव्हे. गोव्यात काहींनी ही रेषा ओलांडून जमिनी घेतल्या आणि अंमलबजावणी संचालनालयाच्या चौकशा मागे लागल्या. गंमत नेपाळ्यांची आहे. भारतात यायला त्यांना व्हिसा लागत नाही, पण जमीन घ्यायला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. चीन आणि पाकिस्तानच्या नागरिकांसारखीच.

भिलाईचा कारखाना सोव्हिएत मदतीने उभा राहिला, १९५९ साली पहिली झोतभट्टी सुरू झाली. म्हणजे भट्टीला परदेशी हात चालतो, नांगराला नाही.

पण खरा मासला पुढेच आहे. छत्तीसगडमध्ये शेती घ्यायला आधी शेतकरी असावं लागत नाही. तेच देशपांडे देवरीची हद्द ओलांडून गोंदियात आले की 'बिगरशेतकरी' ठरतात, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून व्यवहार अडतो. पश्चिम महाराष्ट्रात यासाठी १९४८ च्या कूळकायद्याचं कलम ६३ आहे, विदर्भाला १९५८ चा वेगळा कायदा. अमिताभ बच्चन यांच्या मावळातल्या जमिनीवरून, ते शेतकरी असल्याचा पुरावा म्हणून, थेट उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीच्या शेतीचे कागद चर्चेत आले; २००७ साली ते प्रकरण गाजलं आणि अखेर उच्च न्यायालयाने त्यांना दिलासा दिला. उलट बेळगावात २०२० पासून कुणीही भारतीय शेती घेऊ शकतो, कारण कर्नाटकाने ती अटच काढून टाकली. गोव्याने २०२३ मध्ये नेमकं उलटं केलं: भातशेती फक्त शेतकऱ्यालाच. माझ्या मते या सगळ्यात परदेशी माणसाचा नियमच सर्वांत सरळ आहे. गुंता आहे तो आपल्याआपल्यातला.

दुर्गकडे जमीन बघत असाल तर बयाणा देण्याआधी पटवाऱ्याकडून खसरा आणि बी-१ हे जमिनीचे उतारे काढून घ्या. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर बिगरआदिवासीला ती कलेक्टरच्या परवानगीशिवाय मिळत नाही, आणि अधिसूचित आदिवासी भागात तर मुळीच नाही. आणि परदेशातल्या लेकाने पैसे पाठवून स्वतःच्या नावावर शेती घ्यायचा हट्ट धरला, तर त्याला एवढंच कळवा: फेमा मोडल्यास दंड रकमेच्या तिपटीपर्यंत जातो.