घोरपडीला ताप हवा होता

आमची वाडी चौलची. नारळी-पोफळी, दोन विहिरी आणि भोवती चिऱ्याचा गडगा. त्या गडग्यात घोरपड राहते हे घरात सगळ्यांना ठाऊक. कोंबडीची अंडी पळवते म्हणून बायका तिच्या नावाने बोटे मोडतात, एवढेच तिचे-आमचे नाते. गेल्या आषाढात मात्र ती भाजीच्या वाफ्याभोवतीच्या नायलॉनच्या जाळ्यात अडकली. जाळे मीच लावले होते. गड्याने हाक मारली तेव्हा मागच्या पायात दोरा मांसापर्यंत रुतला होता.

दोरा कापला, जखमेवर हळद दाबली आणि तिला माजघरामागच्या अंधाऱ्या खोलीत ओल्या पोत्यावर ठेवले. आजारी जिवाला गारवा द्यावा, ही आपली समजूत. वाटीत दूध ठेवले, अंडे फोडून ठेवले. तिने ढुंकूनही पाहिले नाही. तिसऱ्या दिवशी पाय टरटरून सुजला. उचलली तरी साधा फूत्कार नाही.

"मास्तर, ही काय आता वाचत नाय," गडी म्हणाला.

घोरपड ही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. खात्याला न कळवता तिला घरात ठेवणे हा गुन्हाच, मग हेतू कितीही चांगला असो. शाळेत नागरिकशास्त्र शिकवलेल्या माणसाला हे तिसऱ्या दिवशी आठवले! 1926 वर फोन केला, वनरक्षक आले, पंचनामा झाला आणि आम्ही पशुवैद्यांकडे गेलो.

डॉक्टरांनी पायाआधी पोटाला हात लावला. म्हणाले, "मास्तर, तुम्ही हिला ताप येऊ दिला नाहीत."

आपल्याला ताप येतो तो आतून. सरड्या-घोरपडींच्या अंगात ती शेगडी नाही. रोगजंतू शिरले की त्या उन्हात जास्त वेळ बसतात आणि अंग तापवून घेतात. अमेरिकेत मॅथ्यू क्लुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे वाळवंटी इग्वानांवर दाखवले. 1975 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात रोगजंतू टोचलेले इग्वाना वेगवेगळ्या तापमानांत ठेवले होते. 34 अंशांतले दगावले, 42 अंशांतले बहुतेक वाचले. पुढच्या वर्षी त्यांनी काही इग्वानांना ताप उतरवणारे औषध दिले. ज्यांचा ताप खरोखर उतरला, ते मेले. मी औषध दिले नव्हते, पण आषाढातल्या अंधाऱ्या खोलीने तेच काम केले होते.

उपचार सुरू झाला तो दिव्याने. मोठ्या खोक्याच्या एका टोकाला शंभराचा बल्ब, दुसरे टोक गार. कुठे बसायचे ते तिने ठरवायचे. बल्ब जाळीबाहेर, नाहीतर चटका बसतो. पावसाळ्यात आमच्याकडची वीज बेभरवशाची, म्हणून कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या तयार. मग कोमट पाण्यात बसवणे. खाणे शेवटी, कारण गार पोटात अन्न पचत नाही, सडते. दूध तर नाहीच.

पायात पू होता, पण वाहणारा नव्हे. सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू पनीरासारखा घट्ट असतो. नुसत्या औषधाने तो विरघळत नाही. भूल देऊन डॉक्टरांनी तो कोरून काढला. सेफ्टाझिडीमची सुई दर तिसऱ्या दिवशी, कारण हिच्या अंगातून औषध सावकाश बाहेर पडते. जखम मागच्या पायाला आणि सुई पुढच्या पायात, हे मला कोडेच वाटले. मागच्या भागातले रक्त आधी मूत्रपिंडाकडे वळू शकते म्हणून ही रीत, असे कळले. मुंबई-पुण्याकडे हल्ली लोक इग्वाना पाळतात. त्यांतला एखादा आजारी पडला की मालक महागडी औषधे आणतात आणि पिंजरा मात्र गारच राहतो, हा डॉक्टरांचा अनुभव.

पाचव्या दिवशी मी खोक्यात डोकावलो तर तिने शेपटीचा असा फटका हाणला की माझा चष्मा पडला. डॉक्टर खूष!

श्रावणात, ऊन पडले तेव्हा, वनरक्षकांनी तिला आमच्याच गडग्याशी सोडले. एक बोट गेलेले, चाल किंचित लंगडी. चार पावले गेली, तापलेल्या चिऱ्यावर पोट टेकून पसरली आणि तासभर हलली नाही.

जाळे आता मिरगाच्या आधी गुंडाळून माळ्यावर टाकतो. भेंडी थोडी जाते.