वहीतली स्टेशनं

बाबांची एक वही माझ्याकडे आहे. पुठ्ठ्याचं कव्हर, कोपरे वाळवीने खाल्लेले, आत निळ्या शाईची आखणी. विदर्भातल्या आलापल्लीच्या लाकूड डेपोत ते कारकून होते. डेपोच्या रजिस्टरात नग, लांबी, गोलाई आणि शेरा असे रकाने असायचे. बाबांनी घरच्या वहीतही तसेच रकाने पाडले होते: ठिकाण, आकडा, वेळ आणि शेरा. फरक एवढाच, की या वहीत सागवानाऐवजी रेडिओ स्टेशनं होती.

पहिली नोंद 'नागपूर अ, ५८५', शेरा 'दिवसा उत्तम'. दुसरी 'जगदलपूर, ७५६', शेरा 'हलबी बोली. सकाळी ऐकू येते'. तिसरी 'हैदराबाद, ७३८', शेरा 'तेलुगू. गाणी बरी'. पुढे रायपूर ९८१. पुणे ७९२, परभणी १३०५, सांगली १२५१ ही मंडळी चौथ्या पानावर, सगळ्यांपुढे एकच शेरा: 'रात्रीच'. मुंबई त्याच्याही नंतर.

हा क्रम मला लहानपणी विचित्र वाटायचा. शाळेच्या पुस्तकात महाराष्ट्राची राजधानी मुंबई, आणि आमच्या घरच्या वहीत तिच्या आधी बस्तर आणि तेलंगण. पुढे नकाशावर पट्टी ठेवून मोजलं तेव्हा उलगडा झाला. आलापल्लीहून सरळ रेषेत नागपूर आणि जगदलपूर जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत, दोनशे किलोमीटरच्या थोडं पुढे. हैदराबाद तीनशेच्या आत. मुंबई साडेसातशे. बाबांनी महाराष्ट्राची यादी केलीच नव्हती. आमच्या ओट्यावर ठेवलेल्या सेटला जग जसं ऐकू येत होतं, तशी ती यादी होती.

गेली काही वर्षं मी घरासाठी टेबलावर ठेवायचा इंटरनेट रेडिओ शोधतो आहे. मोबाइलवर सगळं ऐकू येतं हे मला माहीत आहे. पण माझ्या आईला मोबाइल नको असतो, बटण हवं असतं. दाबलं की आवाज, पुन्हा दाबलं की शांतता. चंद्रपूरच्या बाजारात असा सेट कुठल्या दुकानात मांडलेला मला दिसला नाही. मागवायचा तर बाहेरून, आणि त्यासाठी आधी पुष्कळ वाचावं लागलं. त्या वाचनातून सेटच्या आवाजाबद्दल थोडं कळलं, आणि याद्यांबद्दल फार.

आवाजाचं चटकन सांगून टाकतो. या सेटांत तीन-चार इंची स्पीकर असतो आणि बोललेला शब्द त्यातून छान उमटतो. 'वुडन फिनिश' म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा दाबलेल्या भुशाचं फळकुट असतं. सागवानाच्या मुलखात वाढलेल्या माणसाला ते बोटाने टकटक केल्यावर कळतं, तरी आवाजाला ते वाईट नाही. डेटाची भीती उगाच बाळगू नये. ६४ केबीपीएसचा प्रवाह तासाला २८.८ एमबी खातो, १२८ चा दुप्पट. दिवसाचे चार तास ऐकलं तरी साधारण ११५ एमबी. घरात मातीच्या जाड भिंती असतील तर राऊटर आणि सेट एकाच खोलीत ठेवावेत. बरेच सेट फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय ओळखतात, म्हणून मोबाइलचा हॉटस्पॉट ५ वर असेल तर तो त्यांना दिसतच नाही. एवढं सांभाळलं की झालं.

खरा प्रश्न पुढे आहे. बटण दाबल्यावर सेटला स्टेशन कुठे आहे हे सांगतं कोण?

बाबांच्या सेटला कोणी सांगावं लागत नव्हतं. नागपूरचा ३०० किलोवॉटचा मनोरा लहरी सोडायचा, त्या जमिनीला धरून जंगलातून, नाल्यांवरून येत राहायच्या आणि काटा ५८५ वर नेला की नागपूर लागायचं. दूरची स्टेशनं रात्रीच का, याचंही कारण साधं आहे. दिवसा उन्हाने वातावरणात वर एक थर तयार होतो, तो मध्यम लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, आणि त्याच्याही वरच्या थरावर आपटून लहरी शेकडो किलोमीटर लांब उतरतात. बाबांचा 'रात्रीच' हा शेरा म्हणजे सगळं भौतिकशास्त्र एका शब्दात.

इंटरनेट रेडिओचं तसं नाही. इथे प्रत्येक स्टेशनला एक लांबलचक पत्ता असतो आणि तो वारंवार बदलतो. अमेरिकेतल्या चॅपल हिल इथल्या डब्ल्यूएक्सवायसी या विद्यार्थ्यांच्या केंद्राने ७ नोव्हेंबर १९९४ ला आपलं प्रसारण इंटरनेटवर सोडलं, तेव्हा असे पत्ते बोटावर मोजण्याइतके होते. आज ते हजारोंनी आहेत. म्हणून सेट बनवणारे कोणा तिसऱ्याकडून यादी घेतात. तुम्ही बटण दाबता, सेट यादीवाल्याच्या सर्व्हरला विचारतो, तो पत्ता देतो, मग आवाज येतो. खोक्यावर या यादीवाल्याचं नाव बहुधा नसतंच. सेट घेताना मी आता सर्वात आधी तेच विचारतो.

इंटरनेट रेडिओच्या सेटांची सुरुवातच अपशकुनी होती. कॅलिफोर्नियातल्या केरबँगो नावाच्या कंपनीने संगणकाशिवाय चालणारा, जुन्या व्हॉल्व्ह सेटसारखा गोलसर दिसणारा इंटरनेट रेडिओ तयार केला. २००० साली थ्रीकॉमने ती कंपनी सुमारे ८ कोटी डॉलरला घेतली आणि २००१ च्या मार्चमध्ये, सेट बाजारात येण्याआधीच, हा उद्योग गुंडाळून टाकला. त्याची छायाचित्रं मी अजून अधूनमधून बघतो. इतकी देखणी वस्तू एकाही घराच्या कोनाड्यात बसली नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

पण ज्या प्रकरणाने मी हादरलो ते रेसिव्हाचं. इंग्लंडातल्या केंब्रिजची ही कंपनी रेडिओच्या पोटातला भाग आणि त्याच्यामागची यादी, दोन्ही पुरवायची. रॉबर्ट्स, सँजियन, ग्रेस डिजिटल, सी. क्रेन अशा कितीतरी नावांच्या सेटांत रेसिव्हाच होती. पुढे ती क्वालकॉम या बलाढ्य कंपनीच्या मालकीची झाली. २०२० च्या अखेरीस सूचना निघाली की यादी बंद होणार. आधी ३१ जानेवारी २०२१ ही तारीख दिली, आरडाओरड झाल्यावर ती ३० एप्रिलपर्यंत लांबवली, आणि मग यादी बंद झाली. सेट धडधाकट, स्पीकर ठणठणीत, घरचं इंटरनेट चालू, स्टेशनंही जागच्या जागी. फक्त त्यांचे पत्ते सांगणारा उरला नाही. या सेटांत स्वतःचे पत्ते घालायची सोय होती, पण तीही रेसिव्हाच्याच संकेतस्थळावरून! म्हणजे मालकाने स्वतःच्या हाताने लिहिलेली पानंसुद्धा दुसऱ्याच्या वहीत होती.

एखाद्या म्हाताऱ्या माणसाने दहा वर्षं जपलेली बटणं एका सूचनेने मुकी करायची, हे मला व्यापारातही क्षम्य वाटत नाही. यादी जाहीर करून टाकली असती, सेटला दुसरीकडे विचारायची मुभा दिली असती, तर कंपनीचं काय गेलं असतं?

असं करता येतं याचा दाखला त्याच काळात आहे. स्लिम डिव्हायसेस नावाच्या छोट्या अमेरिकन कंपनीने २००१ मध्ये एक साधा संगीतयंत्राचा डबा काढला आणि त्याला चालवणारं सर्व्हरचं सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुलं ठेवलं. २००६ मध्ये लॉजिटेकने ही कंपनी घेतली, २००९ मध्ये 'स्क्वीझबॉक्स रेडिओ' हा टेबलावरचा गोंडस सेट आणला आणि २०१२ मध्ये ती सगळी मालिकाच थांबवली. २०२४ मध्ये कंपनीचं स्क्वीझबॉक्स संकेतस्थळही बंद झालं. तरी ते सेट आजही वाजतात. खुलं सॉफ्टवेअर ऐकणाऱ्यांनी उचललं, 'लिरियन म्युझिक सर्व्हर' असं नवं नाव दिलं आणि घरच्या छोट्या संगणकावर चालतं ठेवलं. वीट्यूनर या दुसऱ्या यादीवर चालणाऱ्या यंत्रांसाठी कोणी 'वायकास्ट' लिहिलं. ते त्या सर्व्हरचं सोंग घेतं आणि यंत्राला 'रेडिओ ब्राउझर' या लोकांनी मिळून भरलेल्या यादीतून स्टेशनं देतं. तळहाताएवढ्या रास्पबेरी पाय संगणकावर हे चालतं. मला हा प्रकार बाबांच्या वहीच्या गोत्रातला वाटतो.

म्हणून माझा आग्रह हा, की स्टेशनचा पत्ता सेटमध्येच, स्वतःच्या हाताने, कोणाच्या पोर्टलवर न जाता घालता आला पाहिजे. बाकी सोयी मग बघू.

दुसरी गोष्ट खास आपल्यासाठी. प्रसार भारतीच्या न्यूजऑनएअर ॲपवर आकाशवाणीच्या २४० हून अधिक सेवा आहेत, हा केवढा तरी खजिना आहे. पण हे प्रसारण एचएलएस पद्धतीने येतं. जुन्या पद्धतीत आवाजाची एकसंध धार नळासारखी वाहते. एचएलएसमध्ये तिचे काही सेकंदांचे तुकडे होतात, आणि कोणता तुकडा कधी उचलायचा हे एका छोट्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. तिच्या नावाच्या शेवटी 'एम३यू८' असतं. चढउतार होणाऱ्या मोबाइल नेटवर्कला ही पद्धत सोयीची, पण अनेक जुन्या आणि स्वस्त सेटांना ती उमगत नाही. २०२३ मध्ये बीबीसीने आपली जुनी धार बंद केली तेव्हा ब्रिटनमधल्याच कितीतरी सेटांचा आवाज गेला. घेण्याआधी 'एचएलएस चालतं का' हे लेखी विचारा. मोघम 'हो हो, सगळं चालतं' यावर थांबू नका.

तिसरी गोष्ट, सेटमध्ये एफएम असायलाच हवं. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे दरवर्षीचं आहे. वीज जाते, पाठोपाठ नेटवर्क. तेव्हा परदेशातली यादी आणि तिकडचा सर्व्हर दोन्ही निरुपयोगी. एफएमला डोंगर आडवा आला तर तेही अडतं, मध्यम लहरींसारखं वळसा घालून येत नाही, पण चंद्रपूर शहरात आणि आसपास आकाशवाणी चंद्रपूर स्वच्छ येतं. सेट ५ व्होल्टच्या यूएसबीवर चालणारा घेतला तर पॉवर बँकेवर रात्र निघते.

याद्यांत न सापडणाऱ्या भाषांचा विचार करताना शुभ्रांशु चौधरींचं काम मला फार मोठं वाटतं. बीबीसीत पत्रकारिता केलेल्या या माणसाने २०१० मध्ये शेजारच्या छत्तीसगडात 'सीजीनेट स्वरा' सुरू केलं. साध्या फोनवरून नंबर लावायचा, गोंडीत किंवा हिंदीत आपलं म्हणणं बोलायचं, दुसऱ्याने फोन लावून ते ऐकायचं. पुढे त्यांच्या मंडळींनी 'बुल्टू रेडिओ' काढला. नाव ब्लूटूथवरूनच पडलेलं. इंटरनेट असलेल्या ग्रामपंचायतीत कार्यक्रम उतरवून घ्यायचा आणि मग एका फोनमधून दुसऱ्यात, बाजारातून पाड्यावर, हातोहात न्यायचा. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या साथीने 'आदिवासी रेडिओ' हे ॲपही झालं, त्यात लिहिलेली गोंडी यंत्र वाचून दाखवतं. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांहून अधिक आहेत आणि ते पाच-सहा राज्यांत विखुरलेले. देशाप्रमाणे, राज्याप्रमाणे लावलेल्या कोणत्याही यादीत ही भाषा एका जागी सापडणं अवघडच. बाबांच्या वहीत मात्र नागपूर आणि जगदलपूर शेजारी शेजारी होते.

त्या वहीचीही एक दुखरी नोंद आहे. सातव्या पानावर एक आकडा दोनदा अधोरेखित केलेला: १५६६. शेरा 'नागपूर, राष्ट्रीय. रात्रभर. फार जोरदार'. आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी १८ मे १९८८ ला सुरू झाली. तिच्यासाठी नागपूरला एक हजार किलोवॉटचा, म्हणजे एक मेगावॉटचा प्रक्षेपक होता. देशाच्या मध्यावरून रात्री सगळ्या देशाला ऐकू जावं म्हणून तो विदर्भात बसवलेला. संध्याकाळी सुरू व्हायचा आणि पहाटेपर्यंत चालायचा. आम्हा मुलांना झोप लागायची ती त्या आवाजात. बाबा आवाज बारीक करत, बंद करत नसत. डेपोत आग लागली, ट्रक आला, रात्री कोणीही हाक मारली तरी ते जागेच असायचे आणि रेडिओ त्यांच्यासोबत.

२४ डिसेंबर २०१८ च्या आदेशाने प्रसार भारतीने ही वाहिनी बंद केली. खर्चाची काटकसर हे कारण होतं. मी तो निर्णय आजही चुकीचा मानतो. ज्या घरांत रात्री दुसरा कुठलाच आवाज पोहोचत नव्हता, त्यांची मोजदाद कोणत्या रकान्यात झाली असेल? आपली वही स्वतःपाशी असून भागत नाही, पलीकडे मनोराही उभा लागतो, हे मला त्या वर्षी कळलं. बाबा तेव्हा नव्हते. त्या नोंदीपुढे मी पेन्सिलने 'बंद' असं लिहिलं आणि तारीख घातली.

यंदा अखेर एक सेट घरी आणला. लहान, राखाडी, समोर सहा बटणं. पत्ता सेटमध्येच घालता येतो, एफएम आहे, यूएसबीवर चालतो. वहीचं पुढचं कोरं पान काढून मी तेच चार रकाने पाडले. आकड्याच्या रकान्यात आता पत्ते मावत नाहीत, दोन-दोन ओळी लागतात. आईच्या पहिल्या बटणावर चंद्रपूर एफएम. दुसऱ्यावर जुन्या मराठी गाण्यांची एक खासगी वाहिनी, शेरा 'दुपारी अडखळते'. तिसऱ्यावर नागपूर घालायचं होतं. एम३यू८ने संपणारा पत्ता एकेक अक्षर चाक फिरवून घातला, चुकलो, पुन्हा घातला. सेट मिनिटभर गोल फिरत राहिला आणि गप्प झाला. विक्रेत्याने तोंडी 'चालतं' म्हटलं होतं, मी लेखी घेतलं नव्हतं.

आईने पलंगावरून विचारलं, "नागपूर लागलं का रे?"

मी शेऱ्यात लिहिलं: 'हा सेट घेत नाही. मोबाइलवरून ब्लूटूथने येते, संध्याकाळी ७ ला लावून द्यावे.'