घाट कोणत्या बाजूने गाठायचा?

पुण्याहून ताम्हिणीमार्गे माणगावला सायकलने निघालेला माणूस घाट चढत नाही, उतरतो. चांदणी चौक, पिरंगुट, पौड करत रस्ता मुळशीच्या जलाशयाला लागतो आणि बराच वेळ पाण्याच्या कडेकडेने किंचित वरखाली होत राहतो. १९२१ साली सेनापती बापटांनी ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह उभारला, ते हेच धरण. ताम्हिणी गाव मागे पडलं की मात्र रस्ता एकदम कोकणात झेपावतो. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. दुसऱ्या दिवशी माणगावात परतीचा टेम्पो शोधणारे बरेच जण आदल्या सकाळी याच रस्त्याला ‘सोपा’ म्हणालेले असतात.

दोष त्यांचा नाही, सह्याद्रीच्या ठेवणीचा आहे. पश्चिमेला तुटलेला कडा आणि पूर्वेला सावकाश उतरत जाणारं पठार, अशी ही रांग. त्यामुळे जवळपास प्रत्येक घाटात दोन रस्ते दडलेले असतात: देशावरून जाणारा आणि कोकणातून येणारा. सायकलवाल्यांच्या गप्पांत पहिला प्रश्न ‘किती किलोमीटर?’ हाच असतो. विचारायला हवं ते वेगळंच: चढ किती मीटरचा, कोणत्या बाजूने, आणि वारा कुठून?

नव्याने सायकल घेतलेल्या मुंबईकराला चढाच्या वाट्याला जायची गरजच नाही. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट २०२० मध्ये सुरू झाली. तिच्यात सायकल चढवता येते, आणि मुंबईतून बाहेर पडण्याचा सगळ्यात वैतागवाणा टप्पा समुद्रावर बसल्या बसल्या पार होतो. मांडवा ते अलिबाग सुमारे २० किलोमीटर, पुढे रेवदंड्यापर्यंत आणखी सतराएक. रस्ता सपाट, नागाव-चौलच्या पट्ट्यात दोन्ही बाजूंनी नारळी-पोफळीच्या वाड्यांची सावली. शनिवार-रविवारी मात्र सकाळी नवाच्या आत हा पट्टा उरकलेला बरा, कारण त्यानंतर रस्ता मोटारींचा असतो. पाय तयार असतील तर रेवदंड्याचा पूल ओलांडून कोर्लई, काशीद आणि मुरूड. इथे पहिल्यांदा छोटे छोटे चढ भेटतात आणि काशीदच्या अलीकडे समुद्र अचानक खाली दिसायला लागतो.

पुणेकरांचा हक्काचा रस्ता खडकवासला-पानशेतचा. जाऊन-येऊन ऐंशी-नव्वद किलोमीटर भरतात, चढ किरकोळ, आणि डोणजे फाट्यानंतर गर्दीही विरळ होते. पावसाळ्यात या रस्त्यावर पश्चिमेचा वारा समोरून इतका लागतो की सपाटीलाही खालचे गिअर टाकावे लागतात. हे वाईट वाटत असलं तरी नवख्याच्या फायद्याचं आहे. जाताना वारा समोर असला तर येताना, दमल्यावर, तोच पाठीशी असतो. उलटा प्रकार धोक्याचा: पाठीवरच्या वाऱ्याने माणूस भुलून लांब जातो आणि परतताना रडकुंडीला येतो.

याच रस्त्यावरून दिसणारा सिंहगड ही पुण्याच्या सायकलस्वारांची परीक्षा. गोळेवाडीच्या नाक्यापासून गडावरच्या पार्किंगपर्यंत साधारण ९ किलोमीटर, आणि तेवढ्यात सहाशे मीटरच्या आसपास चढ. म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की साडेसहा-सात मीटर वर. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो धरले, तर हे ओझं ६०० मीटर उचलायला सुमारे ४७० किलोज्यूल ऊर्जा लागते. नियमित चालवणारा हौशी सायकलस्वार पायडलवर १५० वॅट सलग टिकवू शकला, तर नुसत्या उचलण्यालाच ५२ मिनिटं लागतील. टायरचं घर्षण आणि वळणावळणावरचा वारा धरून तास झालाच. जाहिरातीतल्या हलक्या कार्बन फ्रेमने वाचलेला एक किलो या हिशोबात मिनिटभरसुद्धा कमी करत नाही.

फरक पाडतात ते गिअर. पुढची लहान चकती ३४ दातांची आणि मागची मोठीही ३४ दातांची असली, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक एकदाच फिरतं आणि सायकल सुमारे २.१ मीटर पुढे जाते. तासात सिंहगड चढायचा तर मिनिटाला सत्तरएक फेरे, म्हणजे दमवणारे पण सांध्यांना झेपणारे. जुन्या धाटणीच्या रेसिंग सायकलला पुढे ३९ आणि मागे २५ दात असतील, तर त्याच वेगाला मिनिटाला जेमतेम ४५ फेरे पडतात आणि प्रत्येक फेऱ्याला गुडघा कुरकुरतो. घाटासाठी सायकल घेताना दुकानदाराने रंग दाखवायच्या आत मागच्या कॅसेटचे दात मोजावेत. वर पोचल्यावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही आहेच, पण उतरताना पोट जड नको.

सिंहगडाचा धसका घेतलेल्यांनी आधी पसरणीचा घाट करावा. वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरांच्या थोडी वर, पाचगणी तेराशेच्या जवळ. मधलं अंतर १२ किलोमीटर. चढ पाच टक्क्यांच्या आसपास आणि मुख्य म्हणजे एकसारखा. एकदा लय सापडली की ती मोडत नाही. शाहीर साबळ्यांचं पसरणी गाव पायथ्याला, मागे वाई आणि कृष्णेचं खोरं, आणि वर जावं तसा धोम धरणाचा जलाशय पसरत जातो. महाराष्ट्रात पहिला घाट कोणता करावा असं कुणी विचारलं तर डोळे मिटून हे नाव सांगावं. पाचगणीहून महाबळेश्वर पुढे १९ किलोमीटर, पण तिथली मोटारींची रांग पाहता बरेच जण पाचगणीतच चहा घेऊन फिरतात.

साताऱ्याहून कासला जाणारा रस्ता जरा फसवा आहे. अंतर पंचवीसेक किलोमीटर, आणि यवतेश्वरचा चढ सुरुवातीलाच, अंग गरम व्हायच्या आत गाठतो. तो सरला की पठारावरून निवांत वाटचाल. सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत फुलं असतात आणि त्यांच्याबरोबर गर्दीही. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात कासचा समावेश झाल्यापासून ती वाढलीच. धुक्यात पुढची मोटार दिसत नाही आणि मोटारीला सायकल दिसत नाही, म्हणून इथे दिवसाही मागचा लाल दिवा लुकलुकता ठेवायचा.

आता कोकणाकडून. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिल्यांदा सर करणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, यातच त्या चढाचं वजन कळतं. द्रुतगती मार्गावर सायकलींना बंदी, तेव्हा खोपोलीहून जुना रस्ता धरायचा. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं म्हणून सांगितलं जाणारं शिंग्रोबाचं देऊळ याच चढावर आहे. तिथे दम खायला थांबण्यात कुणी कमीपणा मानत नाही.

त्याहून मोठा आंबेनळी. पोलादपूर जवळजवळ समुद्राच्या पातळीवर आणि महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या घरात. मधे सुमारे ४० किलोमीटर. चढ फार उभा नाही, पण तो संपत नाही. प्रतापगडाच्या फाट्यापाशी थोडी उसंत मिळते, पाणी भरता येतं आणि मग पुन्हा तेच. हौशी माणसाचे चार तास सहज जातात. मे महिन्यात हा बेत आखणं निव्वळ वेडेपणा, आणि भर पावसात दरडींची भीती. भोर-महाड मार्गावरचा वरंधा घाट तर पावसाळ्यात अनेकदा बंदच ठेवला जातो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच खरे दिवस.

उतरताना दुसरंच शास्त्र. ब्रेक सतत दाबून ठेवले की रिम किंवा डिस्क तापते. वळणाआधी दोन्ही ब्रेक नीट दाबून वेग कमी करायचा, वळणात सोडायचे. चढाला जेवढी शाबासकी मिळते, त्याच्या निम्मी तरी नीट उतरणाऱ्याला मिळायला हवी.

ज्यांना कडा चढायचा नाही, पण त्याच्या काठावर उभं राहायचं आहे, त्यांच्यासाठी भंडारदऱ्याची प्रदक्षिणा. शेंडीहून निघून रतनवाडी, साम्रद, घाटघर आणि परत शेंडी. सगळं मिळून पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर. १९२६ साली पुऱ्या झालेल्या विल्सन धरणाचं पाणी बराच वेळ सोबत असतं, रतनवाडीला अमृतेश्वराचं प्राचीन मंदिर आहे आणि अलीकडे बारी गावाशी कळसूबाईचा पायथा. डांबर जागोजागी उखडलेलं असतं, म्हणून बारीक टायर इथे कामाचे नाहीत, २८ किंवा ३२ मिलिमीटरचे घ्यावेत. घाटघरला पोचल्यावर सह्याद्री किती तुटलेला आहे हे डोळ्यांनी दिसतं. वरच्या जलाशयातलं पाणी चारशे मीटरांहून अधिक खाली सोडून वीज करायची आणि मागणी कमी असताना तेच पाणी पुन्हा वर चढवायचं, असा २५० मेगावॉटचा प्रकल्प याच कड्याच्या जोरावर उभा आहे.

लांब पल्ल्याचं वेड लागलेल्यांसाठी ब्रेव्हे असतात. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस, ४०० सत्तावीस आणि ६०० चाळीस तासांत; चारही एका मोसमात केले की ‘सुपर रँडोनर’. त्यात नंबर नसतो, फक्त वेळेत पोचायचं असतं. या वेडाची मराठी मुलखातली शिखरं ठाऊक असावीत: नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिकेची सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या गटात पुरी केली आणि २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी ती एकट्याने केली. नागपूरला घाट कुठला, असं कुणी म्हणेल. चढ हवाच असेल तर वैदर्भीयांना परतवाड्याहून चिखलदरा आहे, अकराशे मीटर उंचीचा.

आणि या सगळ्यांत सुंदर, पण सगळ्यांत कमी लेखलेला रस्ता म्हणजे कोकणचा सागरी मार्ग. नकाशात तो किनाऱ्याला चिकटलेला दिसतो, म्हणून माणसं त्याला सपाट समजतात. प्रत्यक्षात प्रत्येक खाडीला रस्ता पाण्याच्या पातळीवर उतरतो आणि पलीकडे पुन्हा जांभ्याच्या सड्यावर चढतो. एकेक चढ शे-दीडशे मीटरचा, पण दिवसात असे सात-आठ झाले की आंबेनळी झाल्यातच जमा. बदल्यात काय मिळतं, तर गणपतीपुळ्याहून रत्नागिरीला जाताना आरे-वारेच्या वळणावर एका बाजूला सुरू आणि दुसऱ्या बाजूला दोन किनारे एकदम. हिवाळ्यात दुपारचा वारा वायव्येकडून येतो, त्यामुळे उत्तरेकडून दक्षिणेला, म्हणजे गोव्याच्या दिशेने जाणं शहाणपणाचं. दमट हवेत घामाबरोबर मीठही जातं. केळी आणि राजगिऱ्याच्या वड्यांबरोबर मीठ-साखरेचं पाणी हवंच, आणि वाटेत कोकम सरबत मिळालं तर सोडू नये.

या मार्गाचं वेळापत्रक पाय ठरवत नाहीत, फेरीबोटी ठरवतात. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा चार ठिकाणी सायकल बोटीत चढवावी लागते. दाभोळची खाडी बोटीने काही मिनिटांची; शेवटची फेरी चुकली तर तेच धोपावे चिपळूणमार्गे शंभर किलोमीटरांहून जास्त पडतं. म्हणून जाणकार रात्रीचा मुक्काम दाभोळात न करता धोपाव्याच्या पुढे गुहागरला धरतात, म्हणजे उजाडल्या उजाडल्या तवसाळची वाट मोकळी.