ऊस तुटला, अंगण उघडं पडलं!

शिरूर-दौंडच्या मळ्यातल्या वस्तीवर सगळ्यात उंच कुंपण असतं उसाचं. वर्षभर घराभोवती दहा-बारा फुटी ऊस उभा. न्हाणीला, वाळवणाला, धुण्याच्या दगडाला आपसूक आडोसा. मग टोळी येते, दोन दिवसांत फड मोकळा होतो आणि रस्त्यावरच्या एसटीतून थेट आपली चूल दिसायला लागते.

आजच्या आज आडोसा हवा? हिरवी शेडनेट बांधा. तिच्यावरचा 50, 75, 90 हा आकडा ती किती टक्के ऊन अडवते ते सांगतो. माझं मत 75 ला. 90 ची नेट वाऱ्याने शिडासारखी फुगते आणि खांब वाकवते. तुराट्यांचा कूड तर त्याहून छान. वारा गाळून पुढे सोडणारा आडोसा भक्कम भिंतीपेक्षा लांबपर्यंत निवारा देतो. भिंतीवरून वारा उडी मारतो आणि पलीकडे भोवरा करतो.

सहा-आठ महिन्यांत डोक्यावर जाणारी आपली शेवरी. पानमळ्यात नागवेल चढते ती हिच्याच अंगावर. पाला शेळ्यांना, वाळली की सरपण. चार-पाच वर्षांत ती थकते, म्हणून शेवरीसोबत कोयनेल, म्हणजे कडू मेंदी, त्याच दिवशी लावायची.

ही कोयनेल मूळची समुद्रकाठची, खारफुटीची शेजारीण! म्हणूनच दौंडकडच्या चोपण जमिनीतही ती तग धरते. शेळी पान हुंगते आणि पुढे जाते. पावसाच्या तोंडावर पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर काड्या घ्या. दोन डोळे मातीत, एक वर. फूट-फूट अंतरावर दोन ओळी, पण समोरासमोर नकोत, नागमोडी हव्यात. गुडघ्याएवढी झाली की शेंडा खुडा. जीवावर येतं, पण न खुडलेली मेंदी वर छत्री धरते आणि खालून कुत्री ये-जा करतात.

कुंपणाच्या निवडुंगाचा मान तर थेट देवळापर्यंत. पुण्याच्या नाना पेठेतला विठोबा निवडुंगात सापडला, म्हणून तो निवडुंग्या विठोबा, असं सांगतात. तुकोबांची पालखी तिथे मुक्काम करते आणि पुढे दौंड तालुक्यात यवत-वरवंडला येते.

आणि कुंपणांचा आजोबा? मिठावरचा कर चुकू नये म्हणून इंग्रजांनी पंजाबापासून तापीकाठच्या बऱ्हाणपुरापर्यंत जकातरेषेवर कुंपण वाढवलं होतं. त्यात बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग. 1879 मध्ये ती जकातरेषा उठली.

नर्सरीत ‘झटपट हिरवी भिंत’ म्हणून कोनोकार्पस दाखवतील. नका घेऊ. गुजरातने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली.

शिरूरकरांना एक कळकळीचं सांगणं. आपल्याकडे उसात बिबट्या आहे. ऊस तुटला की तोही आडोसा शोधतो. त्यामुळे दाट कोयनेल रस्त्याच्या कडेलाच ठेवा. घराला आणि गोठ्याला लागून बुंध्यापर्यंत भरलेलं झुडूप नको. तिथे शेवरीच्या खालच्या फांद्या कमरेपर्यंत काढा, गवत साफ ठेवा. रात्री पडवीतून बॅटरी मारली की पलीकडची जमीन दिसली पाहिजे.